डोळ्यांखालची खाच आणि नागपूरचा एक मुक्काम

"काहून वं बाई, रात्री झोपली नाही काय?" सहा-सात वर्षं हा प्रश्न मी ऐकत होते. शाळेत, एसटीत, कापूस वेचायला आलेल्या बायांकडून. झोप माझी चांगली होती. पण डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून गालाकडे उतरणारी खाच चाळिशीनंतर इतकी खोल गेली की चेहरा कायम आजारी दिसायचा. मी आर्वी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते, वय ४४. आपण बरं दिसावं असं मनापासून वाटत होतं, आणि ते सांगायला मला संकोच नाही.

पहिल्यांदा तालुक्याच्या एका पार्लरमध्ये विचारलं. "बाहेरून एक जण येतो महिन्यातून एकदा, आठ हजारात इंजेक्शन देतो," असं उत्तर मिळालं. तो डॉक्टर आहे का, औषध कोणतं, खोका दाखवाल का, एवढंच मी विचारलं. एकाचंही उत्तर आलं नाही. मी घरी आले आणि मग मावसबहिणीच्या ओळखीनं नागपुरात धंतोलीतल्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे नंबर लावला.

त्यांनी आधी मला खिडकीशी उभं करून हनुवटी वर करायला सांगितली. उजेड सरळ पडला की खाचेची सावली जाते, कातडीचा रंग मात्र तसाच राहतो. माझ्यात दोन्ही होतं. "सावली फिलरनं, म्हणजे कातडीखाली टोचायच्या जेलनं, भरता येईल, रंगावर त्याचा उपयोग नाही," त्या म्हणाल्या. खालची पापणी चिमटीत धरून सोडली, ती किती लवकर जागेवर जाते ते पाहिलं. सकाळी डोळ्यांखाली सूज येते का, थायरॉईड, ॲलर्जी, रक्त पातळ करणारी गोळी, सगळं विचारलं. तिथं पाणी धरणाऱ्या माणसाला फिलर दिलं तर फुगवटा उलट वाढतो. शेवटी रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन निघालं ८.९.

त्या दिवशी त्यांनी सुई हातात घेतलीच नाही. तीन महिने लोहाच्या गोळ्या, आणि गोळीच्या आगेमागे चहा बंद, कारण चहानं लोह अंगी लागत नाही. मला तेव्हा राग आला होता, अर्ध्या तिकिटात का होईना, पण पूर्ण दिवस गेला होता. दिवाळीनंतर हिमोग्लोबिन ११.८ झालं. चेहऱ्याचा फिकटपणा बराच गेला, खाच तशीच राहिली.

घरी वेगळाच प्रश्न उभा राहिला. सासूबाई माळकरी. "त्या औषधात जनावराचं काही नसते ना?" हे जेल हायलुरॉनिक आम्लाचं असतं, आणि ते आम्ल १९३४ मध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी प्रथम वेगळं केलं ते गाईच्या डोळ्यातल्या द्रवातून, हे मला वाचून माहीत होतं. म्हणून त्यांचा प्रश्न मी तसाच डॉक्टरांपुढे ठेवला. त्या वापरत होत्या ते जेल जिवाणूंच्या साहाय्यानं तयार केलेलं होतं. सासूबाईंना तसं सांगितलं, तेव्हा त्यांचं समाधान झालं.

मग मी माझा प्रश्न विचारला: काही बिघडलं तर? त्यांनी फ्रीज उघडून हायलुरॉनिडेजच्या कुप्या दाखवल्या. हे जेल विरघळवणारं औषध. जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी पांढरी पडते, फार दुखतं, आणि क्वचित नजरही जाते. अशा वेळी तासांचा नाही, मिनिटांचा हिशेब असतो. "तुमचं गाव तीन तासांवर आहे. त्या रात्री नागपुरातच राहायचं." ही अट मला सगळ्यात पटली. आमच्या गावाकडे रात्री गाडी मिळायलाच तास जातो. मावसबहिणीकडे मुक्काम ठरला.

डिसेंबरातला दिवस घेतला, उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा सुजलेलं तोंड घेऊन फिरणं नको. बधिर करणारं मलम अर्धा तास. गालावर एक टोचा, मग बोथट टोकाची बारीक नळी. दुखलं नाही, पण हाडाजवळ काहीतरी सरकतंय हे कळत होतं आणि मी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. दोन्ही बाजूंना मिळून एक मिलिलिटर. "थोडं कमीच भरते, लागलं तर पुन्हा," त्या म्हणाल्या. खर्च बावीस हजार. मध्येच एक डोळा झाकून भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, मग दुसरा.

रात्री मी चारदा उठून आरशात कातडीचा रंग पाहिला. सकाळी डावीकडे जांभळा डाग होता, तो नऊ दिवस टिकला. उजवीकडे तांदळाएवढी गाठ हाताला लागायची, तिला चोळायचं नाही असं बजावलं होतं. दोन आठवड्यांनी दाखवायला गेले तोवर ती बसली.

आता आठ महिने झाले. खाच उथळ आहे, सपाट नाही. तपकिरी रंग आहेच, त्यासाठी सनस्क्रीन आणि ओढणी चालू आहे. जेल हळूहळू जिरेल, तेव्हा पुन्हा जायचं की नाही ते अजून ठरवलं नाही. पोळ्याच्या दिवशी बैलांना ओवाळताना सासूबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "डोये भरले वं तुहे. गोया चालूच ठेव."