आमची वाटचाल: कॉम्प्युटरचा आवाज कॉम्प्युटरमध्येच

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की कूलर बंद करून काम होत नाही. कूलर चालू असला की पंख्याची घरघर आणि पंपाची टपटप माइकमध्ये उतरते. म्हणून कॉम्प्युटरवर वाजणारा ऑनलाइन क्लास, प्रवचन किंवा मुलाखत स्पीकरसमोर मोबाइल धरून रेकॉर्ड करायची नाही, हा नियम आमच्या रेकॉर्डिंगच्या कामाला पहिल्यापासून लागू आहे. पद्धती मात्र बदलत गेल्या.

आधी तार होती. दोन्हीकडे ३.५ मिलिमीटरची पिन, एक टोक हेडफोनच्या सॉकेटात, दुसरं लाइन-इनमध्ये, म्हणजे बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या सॉकेटात. डेस्कटॉपवर काम छान व्हायचं. बहुतेक लॅपटॉपवर लाइन-इन नसतं, फक्त माइकचं सॉकेट असतं. ते बहुधा मोनो (डावा-उजवा वेगळा नसलेलं) असतं, त्यातून माइकसाठी थोडा व्होल्टेज येतो आणि त्याचा गेन (आवाज वाढवायचं प्रमाण) इतका जास्त असतो की हेडफोनचा सिग्नल फाटतो. दोन कॉम्प्युटर जोडले की अर्थिंगमधून ५० हर्ट्झची गुणगुण येऊ शकते. मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने वेगळ्या ठेवणारा डबा) लावला की ती जाते.

मग ‘स्टिरिओ मिक्स’, म्हणजे कॉम्प्युटरवर वाजणारा आवाज थेट रेकॉर्डिंगला देणारी साउंड कार्डची सोय. विंडोज एक्सपीच्या काळात तो सहज दिसायचा. व्हिस्टापासून तो बहुतेक मशिनवर बंद आणि लपलेला असतो. साउंडच्या ‘रेकॉर्डिंग’ टॅबमध्ये रिकाम्या जागी राइट क्लिक करून ‘शो डिसेबल्ड डिव्हाइसेस’ केलं तर सापडतो. पण अनेक लॅपटॉपच्या ड्रायव्हरमध्ये तो नसतोच. शिवाय तो फक्त त्याच साउंड कार्डवरचा आवाज पकडतो. ब्लूटूथ हेडफोनवर किंवा एचडीएमआयच्या टीव्हीवर आवाज चालू असेल तर रेकॉर्डिंग कोरं.

आज आमचं बहुतेक काम व्हर्च्युअल साउंड कार्डच्या ड्रायव्हरवर चालतं. हे प्रत्यक्षात नसलेलं कार्ड. त्याच्या एका टोकाला प्रोग्राम आवाज वाजवतो आणि दुसऱ्या टोकाहून रेकॉर्डर तो उचलतो. विंडोजवर आम्ही व्हीबी-केबल नावाचा असा ड्रायव्हर वापरतो. झिप फाइल आधी पूर्ण उघडायची, सेटअपवर राइट क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’, आणि मग मशिन रीस्टार्ट. झिपच्या आतूनच सेटअप चालवला तर ड्रायव्हर बसत नाही. त्यानंतर ‘केबल इनपुट’ प्लेबॅकच्या यादीत दिसतं आणि ‘केबल आउटपुट’ रेकॉर्डिंगच्या. नवख्या माणसाला हे उलटं वाटतं. केबलमध्ये आवाज शिरतो ते इनपुट, बाहेर पडतो ते आउटपुट, इतकं धरलं की गोंधळ संपतो.

बसवल्यावर पहिला फोन हमखास येतो, “दादा, कॉम्प्युटरचा आवाजच गेला.” केबल डिफॉल्ट होऊन बसलेली असते आणि सगळा आवाज तिच्यात जातो, कानापर्यंत काहीच येत नाही. डिफॉल्ट परत स्पीकरवर ठेवायचा आणि फक्त हवा तो प्रोग्राम केबलवर वळवायचा. झूममध्ये स्पीकरच्या जागी ‘केबल इनपुट’ निवडता येतं. ब्राउझरसाठी विंडोज ११ मध्ये सिस्टिम, साउंड, व्हॉल्यूम मिक्सर असं जायचं. स्वतःलाही ऐकायचं असेल तर ‘केबल आउटपुट’च्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लिसन’ टॅबवर टिक करून खाली हेडफोन निवडायचा. तिथे चुकून केबल इनपुटच निवडलं तर आवाज गोल फिरत राहतो आणि कर्कश होतो.

दुसरा फोन, “लेव्हलच हलत नाही.” विंडोजच्या हिशेबी केबल आउटपुट म्हणजे माइकच. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये माइकची परवानगी बंद असेल तर रेकॉर्डरला शांतताच मिळते. आवाज मध्येच दबत असेल तर साउंडचा ‘कम्युनिकेशन्स’ टॅब उघडा. कॉल सुरू झाला की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचे, असं विंडोजचं मूळ सेटिंग असतं. ते ‘डू नथिंग’ करा. सूचनांची टिंगटिंगही त्याच वेळी बंद करून टाका.

सगळ्यात जास्त काळजी आम्ही सॅम्पल रेटची, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे त्या आकड्याची घेतो. केबलची दोन्ही टोकं, हेडफोन आणि रेकॉर्डर, सगळीकडे ४८००० ठेवतो. एका जागी ४४१०० राहिलं तर विंडोज बहुतेक वेळा सांभाळून घेतं. पण कधी टिकटिक येते, आणि ४४१०० ची फाइल ४८००० समजून वाजली तर वेग जवळपास ९ टक्क्यांनी वाढतो. भाषणात ते पटकन लक्षात येत नाही. झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भातल्या) एखाद्या नाटकातल्या गाण्याची चाल वडशाहून झूमवर पक्की होत असेल, तर मात्र काळी एक पट्टीतली चाल पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधोमध येते. त्या फाइलला हार्मोनियमची साथच करता येत नाही.

मुलाखतीत दोन आवाज दोन ट्रॅकवर हवेतच. एकाच ट्रॅकवर पाहुणा खोकला आणि त्याच क्षणी निवेदक बोलला, तर काहीच वाचवता येत नाही. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज’मध्ये केबलला ट्रॅक १ आणि माइकला ट्रॅक २ देतो, आणि फाइलचा प्रकार एमकेव्ही ठेवतो. मध्येच लाईट गेली तर एमपी४ अनेकदा उघडतच नाही, एमकेव्ही तिथपर्यंतची मिळते.

माइक वेगळ्या रेकॉर्डरवर असेल तर दोन घड्याळांचा फरक पडतो. दहा लाखांत ५० इतका फरक म्हणजे तासाला ०.१८ सेकंद, दीड तासाच्या मुलाखतीत पाव सेकंदाहून जास्त. त्यासाठी सुरुवातीला आणि शेवटी कॉम्प्युटरवरून एक छोटी बीप स्पीकरवर वाजवून घेतो. ती दोन्ही ट्रॅकवर उमटते, आणि माइकचा ट्रॅक किती ताणायचा ते कळतं. मॅकवर ब्लॅकहोल हा तसाच व्हर्च्युअल ड्रायव्हर आणि ‘ऑडिओ मिडी सेटअप’मधलं ‘मल्टी-आउटपुट डिव्हाइस’ वापरतो. तिथे ब्लॅकहोलसमोर ‘ड्रिफ्ट करेक्शन’वर (घड्याळांचा फरक भरून काढणाऱ्या पर्यायावर) टिक हवीच, आणि कीबोर्डची व्हॉल्यूम बटणं काम करणार नाहीत हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवावं लागतं.

माइक नको, फक्त कॉम्प्युटरचा आवाज हवा असेल तर ड्रायव्हरचीही गरज नाही. ऑडॅसिटी या रेकॉर्डरमध्ये होस्ट म्हणून ‘विंडोज वासापी’ आणि डिव्हाइस म्हणून ‘लूपबॅक’ लिहिलेला स्पीकर निवडला की झालं. मात्र काहीच वाजत नसेल तेव्हा तिथे रेकॉर्डिंगही थांबून राहतं. व्हिडिओशी वेळ जुळवायची असेल तर ही पद्धत आम्ही टाळतो.

लेव्हलचं शिखर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान ठेवतो. २४ बिट, ४८००० स्टिरिओचं एका तासाचं वेव्ह (न दाबलेल्या आवाजाची फाइल) साधारण १ जीबी होतं. वेव्हची मर्यादा ४ जीबीची, म्हणजे चार तासांच्या थोडं पुढे. दिवसभराच्या शिबिराची फाइल म्हणूनच दर दोन तासांनी तोडतो. दुसऱ्याचा क्लास किंवा कॉल रेकॉर्ड करायचा असेल तर शिकवणाऱ्याची आणि बोलणाऱ्याची परवानगी लेखी घेऊनच या. पैसे देऊन पाहायच्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग आम्ही करून देत नाही.