एवढी घाई कशासाठी, असे तुम्ही विचारलेत म्हणून

पिट्सबर्गहून ग्रेट अलेघेनी पॅसेज या सायकलवाटेने कंबरलंडपर्यंत आणि तिथून चेसापीक-ओहायो कालव्याच्या काठाने वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनपर्यंत जाणारी सुमारे ५४० किलोमीटरची वाट बहुतेक सायकलस्वार आठवडाभर रमतगमत पुरी करतात, आणि मी ती ३ दिवसांत पुरी करण्याचे आराखडे मांडते. त्यावर तुमचा प्रश्न ठरलेला असतो: इतक्या सुंदर वाटेवरून पळत सुटायचे कशाला, आणि पळायचेच तर वहीभर हिशेब कशासाठी? आजवर मी हसून विषय बदलत आले. आता एकदा नीट उत्तर देते.

आधी हिशेबाचे सांगते. दिवसाला १८० किलोमीटर जायचे असेल, तर ताशी १८ किलोमीटरच्या गतीने १० तास लागतात आणि २० च्या गतीने ९ तास. म्हणजे दिवसभर पाय पिळून काढल्यावर हाती लागतो एक तास, आणि तोच तास एखाद्या गावात जेवणाची वाट पाहण्यात सहज निघून जातो. म्हणून माझ्या वहीत वेगाचे आकडे थोडे आणि थांब्यांचे फार असतात. पॅसेजवर बारीक कुटलेली चुनखडी आहे आणि जुन्या रेल्वेमार्गाचा मंद चढ. ७२९ मीटरवरच्या जलविभाजकापर्यंत आपण चढतो आहोत हे फक्त मांड्यांना कळते. त्यापुढचा किलोमीटरभर लांबीचा बिग सॅव्हेज बोगदा हिवाळ्यात बंद असतो, तेव्हा महिना त्यावरून ठरतो. कालव्याच्या काठी अंतराअंतराने मुक्कामाच्या फुकट जागा आणि हापसे आहेत, पण पाणी तपासणीत नापास झाले की हापशाचा दांडाच काढून ठेवतात. त्यामुळे दोन हापसे लागोपाठ बंद निघाले तरी पुरेल इतके पाणी मी जवळ बाळगते. याला कोणी हौसेचा अतिरेक म्हणत असेल तर म्हणो. तहानलेल्या माणसाला निसर्ग दिसत नाही.

मला काही दिसत नाही, हा आरोप मात्र मला मान्य नाही. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत वाटेवर असणाऱ्याला कालव्यातले धुके उठताना दिसते, दुपारी ओंडक्यांवर ओळीने ऊन खाणारी कासवे दिसतात, आणि प्रत्येक लॉकपाशी, म्हणजे बोटी चढवण्या-उतरवण्याच्या दरवाजांच्या हौदापाशी, वाट थोडी थोडी खाली उतरते तेव्हा ७४ लॉकांनी बोटींना एवढ्या उंचीवर कसे चढवले असेल, हे अंगाला कळते.

आता ज्या प्रसंगावरून तुमच्यापैकी काहींनी हा प्रश्न विचारला, त्याकडे येते. त्या वेळी धाकटा भाऊ बरोबर होता. कंबरलंड सोडल्यापासून पाऊस लागला होता आणि पॉ पॉ बोगद्याशी आम्ही पोहोचलो तेव्हा दिवस कलला होता. हा बोगदा ९५० मीटर लांब आहे. आत दिवे नाहीत, कठड्यालगतच्या अरुंद वाटेवरून सायकल हाती धरून चालावे लागते. १८३६ मध्ये काम सुरू झाले तेव्हा तो दोन वर्षांत पुरा होईल असा अंदाज होता. कालवा त्यातून वाहायला १८५० उजाडले. आत चालताना मी त्याला हे सांगत होते, आणि तो काहीच बोलत नव्हता. पलीकडे निघालो तर वाट सगळी चिकणमातीची झाली होती. टायर आणि फ्रेम यांच्यामधल्या बोटभर फटीत चिखल, त्यात पाने आणि काटक्या. चाक चार फेरे फिरे आणि घासत थांबे, मग काटकीने माती खरवडायची आणि पुन्हा निघायचे. मुक्कामाची जागा समोरच होती. तो म्हणाला, "ताई, आज इथेच थांबू या." मी म्हणाले, "लिट्ल ऑर्लिन्सपासून थोडा भाग सोडला तर डांबरी वाट आहे, तिथून हॅनकॉकपर्यंत सायकली सरळ पळतील. रात्रभर पावसात ही माती उद्या याहून वाईट होईल." ते खरेच होते. पाऊस रात्रभर पडला, आणि थांबलो असतो तर दुसऱ्या दिवशी तेच वीसेक किलोमीटर आणखी खोल चिखलातून ढकलावे लागले असते. तो एक शब्दही न बोलता माझ्यामागे आला. मधे एकदा मी मागे वळून पाहिले, तर तो सायकलच्या बारवर डोके टेकवून उभा होता. मी थांबले, तो येईपर्यंत उभी राहिले, पण मागे त्याच्यापर्यंत चालत गेले नाही. हॅनकॉकला उजेडात आल्यावर तो म्हणाला, "तू पुढे जा. मला असं नाही जायचं." मी पुढे गेले. जॉर्जटाउनला ठरल्या वेळी पोहोचले. त्यानंतर त्याने माझ्याबरोबर सायकल काढलेली नाही.

तुम्ही म्हणता, एवढे झाल्यावरही तू पुन्हा आराखडे करतेस? करते. या कालव्याच्या जागी मोटाररस्ता होणार होता आणि तो टळावा म्हणून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस १९५४ साली कंबरलंडहून वॉशिंग्टनपर्यंत पायी चालत आले, हे मला वारंवार ऐकवले जाते: वाट वाचवली ती सावकाश चालणाऱ्यांनी. पण ते ८ दिवसांत जवळजवळ ३०० किलोमीटर चालले, आणि निघालेल्या ५८ जणांपैकी सबंध अंतर ९ जणांनीच पुरे केले. यात रमतगमत काय होते? अर्थात, ते मागे पडलेल्यांना काय म्हणाले असतील, याचा विचार हल्ली माझ्या मनात येतो, पूर्वी येत नसे.

पूर्वीची मी म्हणत असे की आराखडा चोख असेल तर बरोबरच्या माणसाला त्रास होत नाही. तो आराखडा चोखच होता. पाणी पुरले, दिवे पुरले, वेळ पुरली. थकलेल्या भावाने थांबू या म्हटल्यावर काय करायचे, हे मात्र कुठल्या रकान्यात लिहायचे ते मला अजून उमगलेले नाही. आणि ते लिहून ठेवता येत असेल असेही मला वाटत नाही. या वेळी पॉ पॉच्या पुढच्या मुक्कामासमोर मी एक रात्र कोरी ठेवली आहे आणि तसे भावाला कळवले आहे. त्याने तारखा विचारल्या आहेत, येतो म्हटलेले नाही. पाऊस लागला आणि तो बरोबर असला, तर मी तिथे थांबेन की डांबरी वाटेपर्यंत ढकलत नेईन, याचे उत्तर मात्र आज माझ्यापाशी नाही.