आईच्या फाइलमधलं मागचं पान

मूतखड्यासाठी आईचं पोटाचं सीटी स्कॅन झालं, त्या संध्याकाळी ती नातीला जवळ येऊ देईना. "आज नको गं बाळा, माझ्या अंगात ते रेडिएशन असेल." मला भरून आलं. क्ष-किरण अंगात उरत नाहीत. दिवा मालवला की खोलीत उजेड शिल्लक राहतो का? (किरणोत्सर्गी औषध टोचून करतात त्या स्कॅनचं वेगळं, तिथे काही काळ जपायला सांगतात.) हे समजावल्यावर तिने आधी पोरीला मांडीवर घेतलं. मग विचारलं, "पण मला बसलं किती?"

उत्तर फाइलमध्येच होतं, अगदी मागच्या पानावर. सीटीडीआय ८ मिलिग्रे, डीएलपी ३६० मिलिग्रे-सेंटिमीटर. (मिलिग्रे म्हणजे शोषलेल्या किरणांचं माप.) मला वाटलं, ८ हाच आईचा डोस. पण हा आकडा ३२ सेंटिमीटर व्यासाच्या अॅक्रिलिकच्या दंडगोलावरून ठरतो. त्या सेटिंगला यंत्राने किती किरण सोडले, एवढंच तो सांगतो. आई सडपातळ. तिच्या आतल्या अवयवांवर त्या दंडगोलाइतकं जाड आवरण नाही, त्यामुळे त्यांना पोचलेला डोस छापलेल्या आकड्याहून जास्त, तिच्या अंगकाठीला साधारण दीडपट.

डीएलपी म्हणजे ते ८ गुणिले स्कॅन केलेली लांबी, ४५ सेंटिमीटर. पोटाच्या स्कॅनसाठी त्याला ०.०१५ ने गुणलं की सगळ्या शरीराच्या हिशेबाने डोसचा अंदाज मिलिसिव्हर्टमध्ये मिळतो. आले ५.४ मिलिसिव्हर्ट. जमीन, हवेतला रेडॉन, अन्न, अवकाशातले किरण या सगळ्यांतून माणसाला वर्षाला जगाच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. आईला म्हटलं, सव्वादोन वर्षांचं एकदम मिळालं. छातीच्या एका एक्स-रेला साधारण ०.०२ धरलं, तर हेच २७० एक्स-रे होतात. हा हिशेब मी तिला सांगितला नाही. डोस तोच, पण हा ऐकून ती रात्रभर जागली असती.

शिवाय मिलिसिव्हर्टचा हा आकडा सरासरी माणसासाठी बेतलेला आहे, त्यावरून एकट्या आईचा कॅन्सरचा धोका काढता येत नाही. ती एकाहत्तर वर्षांची आहे. किरणांमुळे होणारा कॅन्सर दिसायला बरीच वर्षं जातात, म्हणून लहान मुलाला जितकं जपावं लागतं तितकी तिची काळजी नाही. आणि त्या स्कॅनमध्येच मूत्रनलिकेत अडकलेला खडा सापडला. ते स्कॅन करायलाच हवं होतं.

तीन महिन्यांनी पुन्हा सीटी लिहून दिलं, तेव्हा मात्र मी ते पान डॉक्टरांपुढे ठेवलं. "यातून उपचारात काय बदलेल?" त्यांनी चष्मा काढून पान नीट वाचलं. म्हणाले, आधी सोनोग्राफी करू, तिच्यात क्ष-किरण नसतात. सीटी लागलंच तर खड्यासाठी कमी डोसचं करता येतं, आणि तसं त्यांनी कागदावर लिहूनही दिलं.

सोनोग्राफी परवा झाली. खडा दिसला नाही, मूत्रपिंडाला सूजही नाही. ते पान आता मी फाइलमध्ये सगळ्यात वर लावलंय.