‘जंतूच होता, तर फुफ्फुस का कापलंत?’

नातेवाईक विचारतात, लग्नात भेटलेले विचारतात, हल्ली आमचे रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टरही विचारतात. ‘साधा जंतूच होता ना, डॉक्टर? गोळ्या का नाही दिल्यात?’

साधा? ॲक्टिनोमायसीज हा जंतू तुमच्याआमच्या तोंडात, दातांच्या किटणात गुपचूप राहतो. किडलेल्या दातांतून लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरला, की फुफ्फुस, आवरण, बरगडी अशा हद्दी ओलांडत कॅन्सरसारखा पसरतो. बर्लिनच्या जेम्स इस्राएल या सर्जननं माणसांतले रुग्ण नोंदवले ते १८७८मध्ये. इतकी जुनी ओळख, तरी समोर आला की कळत नाही. थुंकीत सापडून उपयोग नाही, तोंडात तो असतोच. कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहणं, ऑक्सिजनशिवाय करायचं, दोन-तीन आठवडे थांबायचं. आधी अँटिबायोटिक पोटात गेलं असेल, तर बहुतेकदा तेही कोरं. आणि मुंबईत खोकला, ताप, उतरलेलं वजन म्हटलं की पहिला संशय टीबीचा. तो घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही.

लालबागचा एक टॅक्सीवाला. टीबीचा कोर्स झालेला, फरक शून्य. उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या लोबमध्ये, म्हणजे भागात, गाठ; कॅन्सर शोधणाऱ्या पेट स्कॅनवर लखलखीत. पण इन्फेक्शनही तसंच लखलखतं. ब्राँकोस्कोपीत, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून, काही दिसलं नाही. सुईनं काढलेल्या तुकड्यात नुसती सूज. मग एका रात्री खोकल्यातून भळाभळा रक्त. एम्बोलायझेशन करून रक्तवाहिनी बंद केली. थांबलं. परत सुरू झालं. छाती उघडली, तर लोब बरगड्यांना असा चिकटलेला की बोट शिरेना. तुकडा फ्रोझन सेक्शनला, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच होणाऱ्या तपासणीला पाठवला. पॅथॉलॉजिस्टबाईंचा फोन आला: ‘कॅन्सर दिसत नाही.’ मग काय आहे? ‘ते आत्ता सांगता येणार नाही.’

छाती तशीच बंद करता आली असती. मी लोब काढला. एक तुकडा पॅथॉलॉजीसाठी फॉर्मलिन या टिकवणाऱ्या द्रावणात, दुसरा तसाच कल्चरसाठी मायक्रोबायोलॉजीला. फॉर्मलिनमध्ये जंतू मेला की कल्चर विसरा. काही दिवसांनी रिपोर्ट आला: पिवळे दाणे, त्यांत ग्रॅम पॉझिटिव्ह धाग्यांचं जाळं. म्हणजे ॲक्टिनोमायसीज.

त्याच्या बायकोनं विचारलं, ‘म्हणजे पेनिसिलिननं बरे झाले असते?’

आधी कळलं असतं, तर बहुधा हो. काही आठवडे शिरेतून, मग सहा महिने ते वर्षभर गोळ्या. लोब काढूनही ते सगळं द्यावंच लागलं. हे मी त्यांना लपवून न ठेवता सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, ‘मग कापलंत कशाला?’

रक्तासाठी. माझं उत्तर तेव्हाही हेच होतं, आजही हेच.

पण रेसिडेंट असताना मीच म्हणायचो, निदानाआधी चाकू ही सर्जनची हौस. माझ्यातला तो पोरगा अजून माझ्याशी भांडतो. म्हणतो, बंद करून पेनिसिलिन सुरू करायचं होतंस. कुठल्या निदानावर? रिपोर्ट येईपर्यंत अंदाजानं. आणि तोवर पुन्हा रक्त आलं असतं तर? तो म्हणतो, नसतंही आलं. तसे रुग्णही मी पाहिलेत, म्हणून त्याला गप्प करता येत नाही.

टॅक्सीवाला परत टॅक्सी चालवतो. जिना चढताना दम लागतो म्हणतो. तो लोब गेल्यामुळे की न सुटलेल्या विडीमुळे, यावर आमचं दोघांचं एकमत नाही.