कुणाचे पैसे पडलेत का?

नोट पहिल्यांदा दिसते तेव्हा ती नोट वाटतच नाही. वेफर्सच्या पाकिटाचा तुकडा वाटतो, नाहीतर कुणीतरी चुरगाळून टाकलेली औषधाची पावती. त्या दिवशी मला झेंडूची पाकळी वाटली. ठाण्याहून सुटणारी स्लो लोकल, दहानंतरची वेळ, त्यामुळे मुलुंडला चढूनही चक्क चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकायला मिळालं होतं. चपलेचा बंद सरकला म्हणून वाकले, तर समोरच्या बाकाखाली, पायांच्या जंगलात, पिवळंधमक काहीतरी. दसरा तर अजून लांब आहे, असं मनात येतंय तोवर पाकळीवर सांचीचा स्तूप दिसला.

दोनशे रुपये. ऑफिसात मी दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासते. याच्या शंभरपट, हजारपट रकमा डोळ्यांखालून जातात आणि माझी जांभईसुद्धा थांबत नाही. पण बाकाखालच्या त्या दोनशेंनी छातीत धडधडायला लागलं. पगाराचं तसं होत नाही. पगारावर आपला हक्क असतो, म्हणून तो वेळेवर आला तर आनंद होत नाही आणि उशिरा आला तर राग येतो. सापडलेल्या पैशावर आपला काडीचाही हक्क नसतो. मजा सगळी तिथेच.

मग शरीर स्वतःच्या मनाने वागायला लागतं. उजवा पाय हळूच पुढे सरकला आणि नोटेवर जाऊन बसला. मी खिडकीबाहेर बघायला लागले, जणू कांजूरच्या इमारती आयुष्यात पहिल्यांदाच दिसत होत्या. आणि तेवढ्यात आठवलं, अगं, लक्ष्मीला पाय लागला! पाय झटकन मागे, हात नोटेला, मग हात डोळ्यांना. चोरी लपवायला जावं आणि चोरी करता करताच नमस्कार करून मोकळं व्हावं, हे आपल्याकडेच जमतं. समोरच्या खिडकीवाल्या काकूंनी हे सगळं पाहिलं होतं.

"काय गं, काय सापडलं?"

झालं. संपली ती दहा सेकंदं.

गाडीत सापडलेल्या पैशांबद्दल विचारायची एक रीत आहे. रक्कम सांगायची नाही. "दोनशे रुपये कुणाचे?" असं विचारलंत तर डब्यातल्या निम्म्या जणींना एकदम काहीतरी आठवतं. म्हणून नुसतं विचारायचं, "कुणाचे पैसे पडलेत का?" आणि कुणी हो म्हटलं की पोलिसासारखं, "किती होते?" मी विचारलं. एका दमात दहा-बारा पर्सच्या चेनी सरसरल्या. एक जण म्हणाली, "माझे पन्नास गेलेत, पण ते काल." दाराशी उभ्या कॉलेजच्या मुलीने एका कानातला इअरफोन काढून विचारलं, काय झालं? मग म्हणाली, "मी कॅश ठेवतच नाही," आणि परत घातला. मला तिची थोडी कीवच आली. हिला आयुष्यात कधी बाकाखाली काही सापडलं, तर तो चार्जर असेल.

खरंच, हल्ली रस्त्यात पैसे पडेनासे झालेत. 2016 साली यूपीआय आलं आणि बघता बघता चहाच्या टपरीपासून शहाळेवाल्यापर्यंत सगळ्यांकडे तो काळा-पांढरा चौकोन लटकायला लागला. मोबाइलमधून पैसे गळत नाहीत. गेलेच तर चुकीच्या नंबरवर जातात, पण तिथे घेणाऱ्याचं नाव स्क्रीनवर येतं. नावागावासकट आलेले पैसे सापडले असं म्हणता येत नाही, ते आले. पंचवीस पैशाचं नाणं तर 30 जून 2011 पासून चलनातूनच बाद झालंय. चार आणे आता सापडले तर ते आठवण म्हणून ठेवायचे. पन्नास पैसे अजून कायदेशीर चलन आहेत. वाण्याला हे सांगून बघा एकदा.

आमच्या लालबागच्या चाळीत आजीने सापडलेल्या पैशांचे स्लॅब ठरवून दिले होते. चार आण्यांपर्यंत पोराचे. रुपयापर्यंत मारुतीच्या पेटीत. त्याच्या वर असेल तर जिन्यात उभं राहून ओरडायचं, "कुणाचे पैसे पडलेत का?" आणि मजला न् मजला ऐकेपर्यंत थांबायचं. सापडलेला पैसा लाभत नाही, असं ती म्हणायची, पण चार आण्यांच्या खाली तो का लाभतो, हे तिने कधी सांगितलं नाही. एकच गोष्ट तिन्ही स्लॅबच्या बाहेरची, ती म्हणजे अवसेला चौकात ठेवलेला उतारा. नारळ, लिंबू, हळदकुंकू आणि वर एक नाणं. त्या नाण्याला हात लावायचा नाही, वळसा घालून जायचं. आम्ही वळसा घालायचो आणि मान वळवून वळवून बघायचो, अजून आहे का. सकाळी ते नसायचं. चाळीत एक तरी नास्तिक होता, एवढं नक्की.

पोरांचे उद्योग आणखी वेगळे. मे महिन्यात डांबर मऊ झालं की त्यात रुपया दाबून बसवायचा आणि कठड्यावरून बघत बसायचं. भलेभले वाकायचे. एक हातात ब्रीफकेस घेतलेले गृहस्थ नखाने, मग किल्लीने, मग चक्क छत्रीच्या टोकाने तो रुपया उकरत होते. वरून हसण्याचा फवारा आला तेव्हा त्यांनी छत्री उघडली आणि त्या उन्हात तशीच डोक्यावर धरून निघून गेले.

माझे स्वतःचे दहा रुपये मात्र हरवले ते त्याच रस्त्यावर. आईने चहा पावडर आणायला दिले होते, यादीच्या चिठ्ठीत गुंडाळून. दुकानात जाऊन मूठ उघडली तर चिठ्ठी होती, नोट नव्हती. दुकान ते घर मी चार वेळा मान खाली घालून चालले. बाटल्यांची बुचं, विड्यांची थोटकं, कुणाच्या तरी परकराची नाडी, सगळं सापडलं. परत आले तर जिन्यात दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा पेप्सीकोला चोखत बसलेला. एक संपवून त्याने दुसरा फोडला. पुरावा काहीच नाही. आज तो मोठ्या हुद्द्यावर आहे, लग्नाकार्यात भेटतो, वाकून नमस्कार करतो आणि मी अजूनही त्याच्या ओठांचा रंग बघते.

कायदा काय म्हणतो हे मी आमच्या वकील भावोजींना विचारलं, तर ते एकदम खुलले. 1860 च्या भारतीय दंडसंहितेत यावर गोष्टीच दिल्यात म्हणे. एकाला हमरस्त्यावर एक रुपया सापडतो, कुणाचा ते त्याला ठाऊक नाही, तो उचलतो. गुन्हा नाही. दुसऱ्याला रस्त्यात पत्र सापडतं, आत नोट. पत्त्यावरून आणि मजकुरावरून मालक कळतो, तरी तो नोट ठेवून घेतो. गुन्हा. तिसऱ्याला किमती अंगठी सापडते आणि मालक शोधायचा प्रयत्नही न करता तो ती लगेच विकून टाकतो. तोही गुन्हा. 1 जुलै 2024 पासून दंडसंहिता जाऊन न्यायसंहिता आली, कलम 403 चं 314 झालं, पण हमरस्त्यावर पडलेला तो रुपया तसाच आहे. 1860 सालचा रुपया चांदीचा होता हो! एकशे चौसष्ट वर्षांत महागाई झाली नाही अशी ही एकच जागा. जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर 1878 चा वेगळा कायदा आहे. किंमत दहा रुपयांच्या वर असली की कलेक्टरला कळवायचं. माझ्या दहा रुपयांनाही कुणी कळवायला हरकत नव्हती, पण ते बरोबर दहाच होते, वर नव्हते.

म्हणजे कायद्याचंही म्हणणं रकमेबद्दल नाहीच. पैशाला चेहरा आहे की नाही, एवढंच तो विचारतो. 2013 साली रीडर्स डायजेस्टने जगातल्या सोळा शहरांत प्रत्येकी बारा पाकिटं मुद्दाम पाडून ठेवली होती. मुंबईत बारापैकी नऊ परत आली. हेलसिंकीत अकरा, त्यानंतर आपणच. हे वाचून मला अभिमान वाटला आणि मग आठवलं, की त्या पाकिटांत फोन नंबर होता, घरच्यांचा फोटो होता. 2019 मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. चाळीस देशांत सतरा हजारांहून जास्त पाकिटं बँका, हॉटेलं वगैरेंच्या काउंटरवर 'रस्त्यात सापडलं' म्हणून देऊन बघितली. रिकाम्यापेक्षा पैसे असलेली पाकिटं जास्त परत आली, आणि जास्त पैसे असलेली त्याहून जास्त. त्या पाकिटांतही मालकाचं नाव होतंच. सुट्ट्या नोटेवर फोटो असतो तो एकट्या गांधीजींचा. ते काही न्यायला येत नाहीत.

तर माझ्या दोनशेंना चेहरा नव्हता. तो आमच्या ग्रुपमधल्या बँकवालीने दिला.

"ती क्लिपावाली आत्ता इथेच बसली होती ना? तिचेच असणार."

खरंच बसली होती. त्या बाकाशीच टोपली ठेवून तिने टिकल्यांची पाकिटं, यू पिना, रबरं मांडली होती आणि भांडुपला उतरून गेली होती. पोटात एकदम खड्डा पडला. मिनिटभरापूर्वी जी नोट हवेतून आल्यासारखी वाटत होती, ती आता एका बाईच्या कमरेच्या पिशवीतून पडलेली दिसायला लागली.

"उद्या भेटली की विचारू," मी म्हटलं. "किती पडले ते बरोबर सांगितलं तर देऊन टाकू."

"आणि ती काय सांगणार?" हे विक्रोळीला चढलेली आमची चौथी. ती एरवी फारशी बोलत नाही, डबा खाते आणि झोपते. "माझी आई परळला भाजी विकायची. तिला दुपारी विचारलं असतंत ना, तुझे किती पडले, तर तिला नसतं सांगता आलं. धंद्याचे पैसे रात्री मोजतात. पाकिटात किती आहेत ते पगारदारालाच ठाऊक असतं."

घाटकोपर आलं, गेलं. कुणी काही बोललं नाही. आमच्या त्या हुशार रीतीचा, रक्कम न सांगण्याचा, मला लहानपणापासून केवढा अभिमान. ती कुणासाठी केलेली आहे हे मला कधी सुचलंच नव्हतं.

मग चर्चा सुरू झाली ती थेट मशीदपर्यंत. व्हीटीला उतरून रेल्वे पोलिसांत द्यावी (दोनशेंसाठी अर्धा दिवस कोण घालवणार). ग्रुपच्या नवरात्रीच्या फंडात टाकावी (बँकवाली खजिनदार आहे, तिला सगळं फंडातच दिसतं). खिडकीवाल्या काकू म्हणाल्या, झवेरी बाजारात ते घमेलावाले सोनारांच्या दुकानांपुढची धूळ, गटारातला गाळ धुऊन धुऊन त्यातून सोन्याचे कण काढतात, झारेकरी म्हणतो ना आपण, त्यांना कुणी विचारतं का कण कुणाच्या दुकानातला? मुद्दा चांगला होता, पण तो धुळीला लागू होता. आमच्याकडे अख्खी नोट होती. शेवटी ठरलं, ज्याला सापडली त्याने सांभाळायची. म्हणजे मी.

सापडलेली नोट सांभाळणं हा एक जाच आहे. ती मी पर्सच्या मागच्या कप्प्यात वेगळी ठेवली, शेजारी पास. रोज पास काढताना दिसायची. एकदा पावसात रिक्षावाल्याला द्यायला सुट्टे नव्हते, हात मागच्या कप्प्यात गेला आणि चटका बसल्यासारखा परत आला. क्लिपावाली काही भेटेना. या बायकांना ठरलेली गाडी थोडीच असते. जिथे गर्दी बेताची आणि पोलीस नाही, तो त्यांचा डबा. दुसरी एक भेटली, तिला विचारलं तर ती डोळे बारीक करून म्हणाली, "किती हायत?" मी गप्प बसले. जुनी सवय.

नवव्या दिवशी भेटली. घाटकोपरला चढली, टोपली खाली ठेवली आणि कार्डांवर ओवलेल्या क्लिपा बोटांत पसरून "दहाला कार्ड, दहाला कार्ड" सुरू केलं. मी तिला बाजूला घेतलं. चौथीने डोळे उघडले. काकूंनी मोबाइल उलटा ठेवला. मी रीत मोडली, सरळ रक्कम सांगितली. त्या दिवशी इथे दोनशे रुपये सापडले, तुमचेच असणार.

तिने माझ्याकडे असं बघितलं की मलाच वाटलं मी काहीतरी विकतेय.

"दोनशेची नोट?"

"हो, अशी पिवळी." मी काढून दाखवली.

"न्हाई वो ताई. दोनशेची नोट मी घेतच न्हाई. दहाची क्लिप घेत्यात अन् दोनशे काढत्यात. सुट्टे कुठनं आणू मी?"

काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. बँकवाली म्हणाली, "चला, आता तुझी झाली." म्हणजे आता पुन्हा चेहरा नसलेली नोट, हमरस्त्यावरच्या रुपयासारखी, दंडसंहिता आणि न्यायसंहिता दोन्हींनी सोडून दिलेली. मी ती दहा सेकंदं परत येतात का याची वाट बघितली. नोट नुसतीच नोट होती, थोडी मळलेली, नऊ दिवस पासाला घासून एका कडेला मऊ पडलेली.

"बरं, दोन कार्डं द्या," मी म्हटलं आणि ती तिच्यापुढे धरली.

"आत्ताच काय सांगितलं, ताई?" ती म्हणाली आणि टोपलीच्या कडीला बांधलेलं क्यूआरचं कार्ड माझ्याकडे फिरवलं.