सामना होऊन जाऊ द्या, मग बघू

आमच्या महाविद्यालयाच्या मैदानाला एका अंगाने पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीचे, वावर लागून आहे आणि दुसऱ्या अंगाला खाणीतून उपसलेल्या मातीचा डोंगर उभा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील या गावी मी गेली 19 वर्षे शारीरिक शिक्षण संचालक म्हणून काम करतो. विदर्भात फुटबॉल म्हटले की लोकांना छावणीची कामठी आठवते. आमच्याकडे हा खेळ टिकला तो खाणीच्या वसाहतीतल्या पोरांमुळे. दर दोन-तीन वर्षांनी त्यांच्यात एखादा असा निघतो की चेंडू त्याच्या पायाशी आला की कडेला उभी असलेली माणसे बोलता बोलता थांबतात. आणि बहुतेक वेळा, मैदानाबाहेरच्या तक्रारीही त्याच्याच नावावर सर्वांत जास्त असतात. अशा पोरांना मी पूर्वी कौतुकाने ‘गुणी पण वांड’ म्हणत असे. आता तो शब्द माझ्या तोंडून सहज निघत नाही.

तक्रारी तशा ठरलेल्याच असतात. सराव संपला की पानठेल्यावर जायचे, सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घालून चांगला घोटलेला खर्रा गालात धरायचा आणि तासाला दांडी मारायची. विद्यापीठाचा सामना तोंडावर असताना आसपासच्या गावच्या खुल्या स्पर्धेत दुसऱ्याच्या नावावर, पैसे घेऊन खेळायचे आणि तिथून घोटा सुजवून परत यायचे. जिल्ह्यात 2015 ते 2021 दारूबंदी होती, त्या काळात आमचा एक राखीव खेळाडू वर्धा नदीपलीकडून, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातून, बाटल्या आणताना सापडला. त्याला आम्ही त्याच आठवड्यात संघातून काढले, सूचना फलकावर तसे लिहिले आणि महाविद्यालयाची शिस्त किती कडक आहे याबद्दल एकमेकांचे अभिनंदनही केले. तो राखीव होता, हे त्या वेळी कोणी बोलून दाखवले नाही.

कारण त्याच वर्षी, 2018 साली, आमच्या सेंटर फॉरवर्डविरुद्ध एका मुलीची तक्रार आली होती. तो एसटी स्टँडवर तिची वाट अडवत असे, आणि एकदा तिने उलट उत्तर दिले तेव्हा त्याने तिच्या हातातला फोन हिसकावून फरशीवर आपटला होता. मुलगी द्वितीय वर्षाची, आमच्याच खो-खो संघातली. ती माझ्या खोलीत आली तेव्हा तो फोन तिने रुमालात बांधून आणला होता. काच इतकी तडकली होती की रुमालाची गाठ सोडताच तिचे बारीक कण माझ्या टेबलावर सांडले. महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा 2013 चा. त्याप्रमाणे नेमलेल्या अंतर्गत तक्रार समितीचा फलक माझ्या खोलीच्या बाहेरच, पिण्याच्या पाण्याच्या टाकीशेजारी, लावलेला होता. तिला त्या समितीकडे पाठवणे हे माझे काम होते. मी तिला म्हणालो, “बेटा, परवा सामना आहे. सामना होऊन जाऊ द्या, मग बघू.”

सामना झाला, आम्ही जिंकलो, दोन गोल त्याचेच होते. पुढे तो विद्यापीठाच्या संघात निवडला गेला, आमच्या भाषेत कलर होल्डर झाला, त्याचे नाव महाविद्यालयाच्या नॅक अहवालात, म्हणजे मूल्यांकनासाठीच्या अहवालात, गेले. मुलीने तक्रार पुढे नेली नाही आणि दिवाळीनंतर ती महाविद्यालयात आलीही नाही. खो-खोला मैदानात नऊ खेळाडू लागतात, आमच्याकडे आठच उरल्या. त्या वर्षी मुलींचा संघ गेला नाही, आणि तो का गेला नाही हे मला प्राचार्यांनी विचारले नाही की संस्थेतल्या दुसऱ्या कोणी.

हे सगळे पुन्हा वर आले ते माझ्या भाच्यामुळे. तो अमेरिकेत असतो आणि तिकडच्या कॉलेज फुटबॉलचे त्याला वेड आहे. तो खेळ आपल्या फुटबॉलहून अगदी वेगळा. अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचे, समोरच्याने अंगावर येऊन पाडायचे. पण खेळाडू महाविद्यालयीनच, 18 ते 22 वर्षांची पोरे, आणि सामन्याला मात्र काही ठिकाणी लाखभर प्रेक्षक. त्याच्याकडून मला नेब्रास्का विद्यापीठाच्या लॉरेन्स फिलिप्सची हकीकत कळली आणि मग मी ती मिळेल तिथून वाचली. 1995 च्या सप्टेंबरमध्ये चेंडू घेऊन धावणाऱ्या या विलक्षण खेळाडूने आपल्या पूर्वीच्या मैत्रिणीला मारहाण केली आणि केसांना धरून जिन्यावरून ओढत नेले. प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न यांनी त्याला सहा सामन्यांसाठी बाहेर ठेवले आणि हंगाम संपण्याआधी परत घेतले. 2 जानेवारी 1996 रोजी झालेल्या निर्णायक सामन्यात तो चेंडू घेऊन 165 यार्ड धावला आणि नेब्रास्काने फ्लोरिडाला 62-24 असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद राखले.

ऑस्बोर्न यांचे म्हणणे असे होते की आई-वडिलांच्या घरापासून लांब, अनाथालयासारख्या निवासांत वाढलेल्या या मुलाच्या आयुष्यात फुटबॉल हीच एक घडी बसलेली गोष्ट आहे, तीही काढून घेतली तर तो हातचा जाईल. हे म्हणणे मला सहजासहजी उडवून लावता येत नाही. माझ्या सेंटर फॉरवर्डचा बापही माझ्या दाराशी टोपी हातात घेऊन उभा राहिला होता, “पोट्टं चुकलं सर, पण त्याचा खेळ बंद करू नोका,” म्हणाला होता. चार एकर कोरडवाहू आणि शासकीय नोकरीतल्या खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणावर लावलेले डोळे, एवढेच त्या घराचे भांडवल होते. पण फिलिप्स पुढे सावरला नाही. व्यावसायिक संघाने त्याला सहाव्या क्रमांकावर निवडले, तिथेही तो टिकला नाही, नंतरच्या गुन्ह्यांसाठी त्याला दीर्घ शिक्षा झाली आणि 2016 च्या जानेवारीत, वयाच्या 40 व्या वर्षी, कॅलिफोर्नियाच्या तुरुंगात तो मरण पावला. उलट लुइझियाना स्टेटच्या टायरन मॅथ्यूला 2012 च्या ऑगस्टमध्ये नियमभंगासाठी थेट काढून टाकले गेले. आदल्या वर्षी तो देशातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूच्या पुरस्काराच्या अंतिम फेरीत होता. पुढे तो सावरला आणि 2020 साली सुपर बोल, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकणाऱ्या संघात खेळला. अर्थात मॅथ्यूने दुसऱ्या कोणाला इजा केली नव्हती, म्हणून ही दोन प्रकरणे एका मापाने मोजता येणार नाहीत, हे भाच्यानेच मला बजावले.

मला अडकवून ठेवले ते वेगळ्याच गोष्टीने. ज्या मुलीला फिलिप्सने मारले, तीही त्याच विद्यापीठाची खेळाडू होती, बास्केटबॉल खेळत होती. शिस्तीचा विषय निघाला की आम्ही खेळशिक्षक नेहमी विचारतो, या मुलाचे काय होणार? तेवढ्याच कळकळीने तिच्या खेळाचे काय होणार, असे मी 2018 साली एकदाही विचारले नव्हते, आणि आठव्या-नवव्या मुलीचा हिशेब माझ्याच हजेरीपटात लिहिलेला होता.

आता मी दोन गोष्टी पाळतो. तक्रार त्याच दिवशी लेखी घेऊन ज्या समितीची तिच्याकडे पाठवतो, मग सामना उद्या असो की तासाभराने. आणि खेळाडूला सामन्यातून वगळले तरी सरावातून वगळत नाही, कारण घडी बसलेली गोष्ट काढून घेऊ नये हे ऑस्बोर्न यांचे म्हणणे तेवढ्यापुरते मला पटते. पहाटे साडेपाचला त्याने मैदानावर यायचे, जाळी बांधायची, सगळ्यांबरोबर धावायचे.

यंदा आमच्या गोलरक्षकाने वसतिगृहात प्रथम वर्षाच्या मुलाला कानाखाली मारली. चौकशी संपेपर्यंत तो खेळणार नाही असे मी आदल्या रात्री सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी त्याला संघाबरोबर नेले. बदली गोलरक्षक बी.ए. प्रथम वर्षाचा, हातमोजेही दुसऱ्याचे घातलेला. आम्ही 3-0 ने हरलो. परतीच्या एसटीत पोरे मागच्या बाकांवर गप्प बसली होती आणि कोणी माझ्या शेजारी बसायला आले नाही. वाटेत प्राचार्यांचा फोन तीनदा वाजला. तो मी घरी पोहोचून, हातपाय धुऊन मग उचलला.