कॅस्टरमध्ये केस नव्हते

व्हीलचेअरच्या पुढच्या दोन लहान चाकांना आम्ही कॅस्टर म्हणतो. खुर्ची घरात खरोखर फिरत असेल, तर महिन्याभरात कॅस्टरच्या आसाभोवती केस आणि दोरे गुंडाळले जातात. ते चिमट्याने ओढून काढणं हे फेरभेटीतलं माझं ठरलेलं काम. त्या दिवशी त्या घरातले कॅस्टर स्वच्छ होते. आणि अकरा वर्षं हेच काम करणारी मी मनात म्हणाले, किती निगुतीने ठेवलीय खुर्ची!

आमची संस्था म्हणजे दोन खोल्या, एक गाडी आणि चार माणसं. पैसा एका देशातून येतो, मुलं दुसऱ्या देशातली, आणि मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (म्हणजे अपंगत्व असलं तरी रोजचे व्यवहार जमावेत म्हणून मदत करणारी), आलेय तिसऱ्याच देशातून. लोकांना वाटतं आम्ही खुर्च्या वाटतो. वाटायला काय, कंटेनर भरून येतात! दानशूर मंडळी दवाखान्यांतून निघालेल्या मोठ्या माणसांच्या घडीच्या खुर्च्या पाठवतात. कापडी बैठक झोळीसारखी खचलेली. लहान मूल त्यात ठेवलं की मांड्या आत वळतात, कंबर एका बाजूला कलते, आणि चांगलं बसू शकणारं मूलही कोसळल्यासारखं दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ सालीच लिहून ठेवलंय की खुर्ची माणसाच्या मापाची आणि त्याच्या घरादाराला चालणारी हवी, नंतर दुरुस्त करता यावी. तरी दर वर्षी कंटेनर येतोच, आणि त्याच्यासोबत हसऱ्या मुलांचे फोटो पाठवा अशी विनंती.

ही मुलगी सहा वर्षांची, सेरेब्रल पाल्सी असलेली, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर नीट ताबा नसलेली. आजीजवळ राहते. तिची खुर्ची मात्र कंटेनरमधली नव्हती, आणि तिच्याबद्दल मला जरा फुशारकी मारू द्या. बैठकीची मागून पुढपर्यंतची लांबी कमरेच्या मागून गुडघ्याच्या मागपर्यंत मोजून त्यातून तीन सेंटिमीटर वजा केली, म्हणजे पोटरीला कड टोचत नाही. फोममध्ये बसण्याच्या हाडांसाठी खळगा कोरला आणि त्याच्या पुढे उंचवटा ठेवला, म्हणजे ती पुढे घसरत नाही. कमरेचा पट्टा तिरका, पोटावर न चढणारा. शेवटी हाडांखाली बोटं घालून बघायचं. बोटांची टोकं पाच मिलिमीटर तरी वरखाली हलली तर ठीक. हलत नाहीत पण सहज बाहेर निघतात, तर सावध. चिमटून बसली, तर गादी पुन्हा कापायची. तिची दोनदा कापली. तिसऱ्यांदा बसवल्यावर तिने मान उचलली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी परतताना मी गाडीत गाणं म्हणत होते.

सहा आठवड्यांनी फेरभेट. ती खुर्चीत, केस विंचरलेले. कातडीवर कुठे लाली नाही, पट्टा बरोबर. आजी तीन मिनिटं काहीतरी बोलल्या. आमचा दुभाषी भला माणूस, पण तीन मिनिटांचं तीन शब्दांत आटपतो. "आजी खूश आहेत." खुर्ची रोज किती तास वापरता? "आठ." फॉर्मवर आठ लिहिलं, फोटो काढला, निघालो.

दोन घरं पुढे गेल्यावर लक्षात आलं की ॲलन कीचा, म्हणजे स्क्रू पिळायच्या षटकोनी किल्ल्यांचा, संच तिथेच राहिलाय. गाडी वळवायला जागा नव्हती, म्हणून आम्ही चालत परत गेलो.

खुर्ची भिंतीशी होती, रिकामी. मुलगी जमिनीवर. आणि ती चालली होती! म्हणजे लोळत. एक हात अंगाखाली, मग कुशी, मग पोट, जरा दम, पुन्हा कुशी. उंबऱ्यापाशी येऊन थांबली, माझ्या चपला बघितल्या आणि मोठ्याने हसली. असं हसू मला खुर्चीतल्या एकाही फोटोत मिळालेलं नाही.

आजी ओशाळल्या. मी दुभाष्याला म्हटलं, आज एकेक वाक्य सांगायचं, आटपायचं नाही. तेव्हा कळलं की त्या जेवणापुरती तिला खुर्चीत बसवतात, कारण आडवं भरवताना ठसका लागायचा, तो थांबलाय. बाकी दिवसभर ती खाली. आमच्या गाडीचा आवाज आला की उचलून बसवतात. "तुम्ही एवढ्या लांबून येता, तुम्हाला वाईट वाटायला नको." मग म्हणाल्या, "खुर्चीत असली की तिला कुणीतरी ढकलावं लागतं. खाली असली की चुलीपाशी मला शोधत येते."

तिच्या हातांना चाक फिरवणं जमत नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मागून ढकलायची खुर्ची दिली. पहिल्या दिवशी ती कशी बसते हे मी पाऊण तास पाहिलं. ती हिंडते कशी, हे विचारलंच नाही. वास्तविक जी.एम.एफ.सी.एस. या, मूल कितपत हालचाल करू शकतं हे सांगणाऱ्या पाच पातळ्यांच्या वर्गीकरणात (पाचवीवर हालचाल सर्वांत कमी) ती चौथीवर आहे, आणि या वयाची अशी मुलं घरात लोळत, सरपटत फिरतात हे त्यात स्पष्ट लिहिलंय. मला पाठ आहे ते! अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराचं विसावं कलम तर आम्ही दर वर्षी निधीच्या अर्जात पहिल्या पानावर चिकटवतो. माणसाला त्याच्या पसंतीच्या रीतीने आणि पसंतीच्या वेळी फिरता यावं, असं ते सांगतं.

म्हणजे आजींचंच बरोबर, असं म्हणून मोकळी झाले असते. पण मी तिला लोळताना आणखी थोडा वेळ पाहिलं. ती फक्त उजवीकडून लोळते. डावीकडे जायचं असेल तरी उजवीकडून मोठा वळसा घेते. अशा मुलांचा खुबा सांध्यातून सरकण्याचा धोका असतो, पातळीचा आकडा जितका मोठा तितका जास्त, आणि रोज तासन् तास एकाच बाजूला पिळलेलं अंग बघून मला धास्ती वाटते. जेवणाव्यतिरिक्त तासभर सरळ बसली तर बरं. पण कुठला तास? ती उंबऱ्याशी जाते तो, की चुलीशी जाते तो?

आजींना एवढंच सांगितलं की तिच्या आवडीच्या वस्तू डावीकडे ठेवा, हाकही डावीकडून मारा. जेवण झाल्यावर थोडा वेळ तशीच बसू द्या, पण तुम्ही जवळ असाल तिथे. त्या मान हलवत होत्या. आमच्यासाठी हलवत होत्या की खरंच, ते आता मला ओळखता येत नाही.

फॉर्मवरचा आठ खोडून मी एक केला. शेऱ्याला दीड ओळीची जागा असते, तिथे लिहिलं, "घरात स्वतः हिंडते. जमिनीवर." फोटो पाठवला नाही.

चार दिवसांनी मुख्य कार्यालयातल्या समन्वयक बाईंचा निरोप आला. अहवाल छान झालाय, फक्त या मुलीच्या तासांच्या रकान्यात एकाच्या पुढे शून्य राहिलंय का? मी अजून उत्तर दिलेलं नाही.